शिदोरीचा हिवाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नॉर्वेच्या उत्तर टोकाला ऐन हिवाळ्यात फिरायला जायचे म्हणजे घर गहाण टाकायचे, असा आपल्याकडे समज आहे. तो अगदीच खोटा नाही. ट्रॉम्सो नावाचे एक शहर आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, साडेएकोणसत्तर अंशांच्या पलीकडे. तिथे एक कप कॉफीला पन्नासच्या आसपास क्रोन पडतात, आणि एक क्रोन म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. तेवढ्यात पुण्यात एका माणसाचे पोटभर जेवण होते, वर पानही येते. उत्तरेचा प्रकाश दाखवायला नेणाऱ्या बसच्या एका रात्रीच्या सहलीचे पैसे ऐकले, तर निवृत्त शिक्षकाने कानावर हात ठेवावेत.

तरीही २०२३ च्या जानेवारीत मी आणि माझी पत्नी तिथे नऊ दिवस राहून आलो, तेही निवृत्तिवेतनाच्या पैशात. कसे जमले, हे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर मी पर्यटन कंपन्यांच्या पुस्तिकांत शोधले नव्हते, इतिहासात शोधले होते. चाळीस वर्षे इतिहास शिकवल्यावर माणसाला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट महाग दिसली की तो विचारतो, ही पूर्वी कोणाला परवडत होती? उत्तर नॉर्वेच्या हिवाळ्याबद्दल हा प्रश्न विचारला, तर उत्तर फार मजेशीर येते. तिथला हिवाळा श्रीमंतांचा कधी नव्हताच. तो गरिबांचा होता.

श्रीमंत मंडळी जात ती उन्हाळ्यात. स्वीडन आणि नॉर्वे या दोन्ही देशांचा राजा असलेला दुसरा ऑस्कर १८७३ मध्ये युरोपच्या उत्तर टोकावर, नॉर्थ केपवर जाऊन आला. दोनच वर्षांनी थॉमस कुकच्या कंपनीने पहिली तुकडी तिकडे नेली. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म १८८९ पासून पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत जवळजवळ दर उन्हाळ्यात आपले जहाज घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याला येत असे. मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा, शॅम्पेन घ्यायची आणि परतायचे. नोव्हेंबर उजाडला – खरे तर मावळला म्हणायला हवे – की या किनाऱ्यावर एकही रिकामटेकडा माणूस उरत नसे. उरत ते कोळी, खलाशी, टपालवाले आणि आपल्या रेनडिअरांसह आतल्या पठारावर असलेले सामी लोक. या माणसांना हिवाळ्यात प्रवास करावाच लागे, आणि खिशात फारसे काही नसे. काटकसरीने उत्तरेत कसे राहावे हे शिकायचे तर ते यांच्याकडूनच.

यातले कोळी आधी घेऊ. दर वर्षी जानेवारीत बॅरेंट्स समुद्रातला मोठा कॉड मासा अंडी घालायला लोफोटेन बेटांच्या आसऱ्याला येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. हजार वर्षे झाली, हा क्रम चुकलेला नाही. त्यामागे साऱ्या उत्तर नॉर्वेतले पुरुष उघड्या होड्यांतून, वल्ही मारत आणि शीड लावून, शेकडो किलोमीटर येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर एका हंगामात तीस हजारांहून अधिक कोळी तिथे जमत. त्यांनी राहायचे कुठे? सुरुवातीला उपड्या होडीखालीच. मग ११२० च्या सुमारास ऐस्टाइन राजाने त्यांच्यासाठी किनाऱ्यावर लाकडी खोल्या बांधून दिल्या, अशी नोंद जुन्या गाथांत आहे. या खोल्यांना तिकडे ‘रोरबू’ म्हणतात. ‘रो’ म्हणजे वल्हवणे आणि ‘बू’ म्हणजे राहायची जागा. वल्हेकऱ्यांची खोली म्हणा ना. एका खोलीत दहा-बारा माणसे, एकेका बाकावर दोघे, ओले कपडे वर टांगलेले आणि खाली मासळीच्या तेलाचा वास. आज याच तांबड्या रंगाच्या रोरबू पर्यटकांना भाड्याने मिळतात आणि त्यांचे एका रात्रीचे भाडे ऐकून ऐस्टाइन राजाही चकित झाला असता!

पण मला सर्वांत आवडली ती कोळ्याची पेटी. ‘लोफोट-पेटी’ असेच तिचे नाव आहे. प्रत्येक कोळी घरून एक मजबूत लाकडी पेटी घेऊन निघे. तिच्यावर नावाची आद्याक्षरे कोरलेली, क्वचित रंगाने वेलबुट्टीही काढलेली. तिच्यात तीन महिन्यांची शिदोरी. ही शिदोरी घरच्या बायका शरद ऋतूपासून तयार करीत. आपल्या कडक भाकरीसारखी पातळ, कोरडी, महिनोन्‌महिने टिकणारी सपाट पोळी; ‘लेफ्स’ नावाची मऊ पोळी; लोणी, खारवलेले मांस, चीज. मासे तिथे मिळतच. कोळ्याला बाजारात जावे लागे ते कॉफी, तंबाखू आणि दोरखंडासाठी, आणि तेवढेही पुष्कळदा उधारीवरच. गावोगावच्या बंदरांवर बसलेले व्यापारी त्याला होडी, जाळी, धान्य आगाऊ देत आणि बदल्यात त्याचा सगळा मासा आपल्या भावाने घेत. या व्यापाऱ्यांना लोक ‘भूशिरांचे राजे’ म्हणत. या राजांच्याही वर बर्गनचे मोठे व्यापारी होतेच. पिढ्यान्‌पिढ्या कर्ज फिटत नसे. आपल्या सावकारी पाशाची हकिगत ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवे काही वाटायचे नाही. तेव्हा त्या पेटीतली प्रत्येक पोळी म्हणजे कर्जाच्या वहीत न चढलेली एक रक्कम होती, हे ध्यानात घेतले की ती पेटी वस्तुसंग्रहालयातली शोभेची वस्तू राहत नाही.

पीठ मात्र तिकडे पिकत नव्हते. ते रशियातून येई. श्वेत समुद्राच्या काठचे पोमोर व्यापारी उन्हाळ्यात राईचे पीठ घेऊन येत आणि मासे घेऊन जात. अठराव्या शतकाच्या मध्यापासून रशियन क्रांतीपर्यंत हा व्यवहार चालला. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून एक धेडगुजरी बोलीही तयार केली होती, अर्धी रशियन आणि अर्धी नॉर्वेजियन. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी समुद्राची नाकेबंदी केली तेव्हा नॉर्वेत अन्नान्नदशा झाली. त्या वर्षांत उत्तरेला आधार होता तो याच पिठाचा. थोडक्यात, ज्या जमिनीत गहू पिकत नाही तिथे पाव महाग असणार. आज जहाजाऐवजी ट्रक येतो, एवढाच फरक.

माझा भाचा स्टॉकहोमला नोकरीला आहे. निघण्याआधी त्याने फोनवर बजावले होते, “मामा, तिथे हॉटेलात बसून जेवायचं नाही हं. एक वेळ मामीच्या हातचं, एक वेळ पाव. नाहीतर तीन दिवसांत परत याल.” मामीने ते मनावर घेतले. आमच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी होती, मेतकूट होते, पातळ पोहे, गूळ, शेंगदाण्याची चटणी होती. युरोपबाहेरून मांस किंवा दुधाचे पदार्थ नॉर्वेत न्यायला बंदी आहे, म्हणून पेढे, खवा, तूप घरीच ठेवले. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. रेमा आणि किवी ही तिकडची साधी किराणा दुकाने. तिथे बटाटे, गाजर, कोबी, अंडी, दूध आणि पाव मिळाला. गोठवलेला मासा त्या मानाने स्वस्त. नळाचे पाणी उत्तम, त्याला पैसे नाहीत. चुकून बाटली घेतलीच तर तिच्यावर दोन-तीन क्रोन अनामत असते. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की ते परत मिळतात.

दुपारचे जेवण आम्ही डब्यात न्यायचो, आणि याची आम्हाला जराही लाज वाटली नाही, कारण सारे शहर तेच करते. नॉर्वेजियन माणसाचा ‘मातपाक्के’ प्रसिद्ध आहे. तेलकट कागदात गुंडाळलेले पावाचे चार तुकडे, त्यांवर चीज किंवा तसेच काही. मंत्री असो की गवंडी, दुपारी तेच खातो. याचाही एक इतिहास आहे. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, ऑस्लोच्या शाळांतून मुलांना सकाळचा मोफत आहार सुरू झाला. कार्ल शोट्झ या आरोग्यशास्त्राच्या डॉक्टरांनी तो ठरवला होता. भरड पिठाचा पाव, चीज, दूध, फळ किंवा गाजर, आणि अंधाऱ्या महिन्यांत कॉडलिव्हर तेल. शिजवलेल्या जेवणाचा खर्च नाही आणि पोषण पुरेसे. पुढे हीच पद्धत घरच्या डब्यात उतरली आणि देश श्रीमंत झाल्यावरही सुटली नाही. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात तेल सापडले, देशाचा तेलनिधी आज जगातल्या सर्वांत मोठ्या निधींत गणला जातो, पण डबा आहे तो आहेच. मला हे फार आवडले. आपल्याकडे चार पैसे आले की पहिला सुटतो तो डबा.

आता महागाईचे दुसरे अंग. मासा आणि पीठ हे जुने कारण झाले. आजची महागाई माणसांच्या मजुरीची आहे. नॉर्वेत सरसकट किमान वेतनाचा कायदा नाही. कामगार संघटना आणि मालक एकत्र बसून वेतन ठरवतात, आणि २०१८ पासून हॉटेल-खाणावळींच्या धंद्यात ठरलेले किमान वेतन सर्वांनाच लागू झाले आहे. म्हणजे तुमच्या ताटल्या उचलणारी मुलगी परदेशी असो की हंगामी, तिला ठरावीक वेतन द्यावेच लागते. त्यावर कर. किराणा मालावर पंधरा टक्के मूल्यवर्धित कर, पण तेच अन्न खाणावळीत टेबलाशी बसून खाल्ले तर पंचवीस टक्के. भाच्याच्या ताकिदीमागे हे गणित होते. दारूचे तर विचारूच नका. १९१९ मध्ये सार्वमत घेऊन कडक दारूवर बंदी आणली गेली, ती १९२७ पर्यंत टिकली. मधल्या काळात, १९२२ मध्ये, वाइन विकण्याची सरकारी मक्तेदारी स्थापन झाली. ती आजही आहे. पावणेपाच टक्क्यांहून तीव्र असलेले काहीही हवे असेल तर सरकारी दुकानातच जावे लागते, आणि तेही ठरलेल्या वेळेत. मद्य न पिणाऱ्याचा प्रवासखर्च तिथे आपोआप बराच खाली येतो, हे सांगायला माझ्या पत्नीला विशेष आनंद होतो.

तेव्हा काटकसर दोन प्रकारची असते. मासे-पाव खाऊन, डबा नेऊन, चालत जाऊन वाचवलेला पैसा आपला. पण अर्ध्या किमतीत प्रकाश दाखवतो म्हणणारा, परवान्याविना गाडी चालवणारा कोणी भेटला, तर तो अर्धा पैसा कुठून तरी कापलेला असतो. एक तर चालकाच्या झोपेतून, नाही तर टायरच्या खिळ्यांतून. बर्फाळ, अंधाऱ्या, वळणाच्या रस्त्यावर यातले काहीही कापलेले परवडत नाही. आम्ही अशा गाडीला दोनदा नकार दिला.

प्रवासाचेही तसेच. विमानाने ट्रॉम्सो गाठणे सोपे. पण आम्ही स्टॉकहोमहून नार्विकला रात्रीच्या रेल्वेने गेलो. एका रात्रीचे हॉटेल वाचले, आणि इतिहासाच्या मास्तराला हा लोहमार्ग चुकवणे शक्यच नव्हते. किरुनाच्या डोंगरातले लोहखनिज समुद्राला नेण्यासाठी तो बांधला गेला. स्वीडनच्या बाजूचे बोथनियाचे आखात हिवाळ्यात गोठते. नार्विकचे बंदर मात्र ध्रुववृत्ताच्या वर असूनही गोठत नाही, कारण अटलांटिकमधून येणारा कोमट प्रवाह या किनाऱ्याला घासून जातो. हजारो मजुरांनी बर्फात, काळोखात हा मार्ग उघडला. १९०२ मध्ये रूळ जोडले गेले आणि १९०३ च्या जुलैत ऑस्कर राजाने त्याचे समारंभपूर्वक उद्घाटन केले. राजा याही वेळी उन्हाळ्यातच आला, हे लक्षात आले ना?

त्याच कोमट प्रवाहाचा खिशाशी संबंध आहे. ट्रॉम्सोत जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंश असते. लेहमध्ये याहून कडाक्याची थंडी पडते. तेव्हा ध्रुवमोहिमेवर निघाल्यासारखे महागडे पोशाख विकत घेण्याचे कारण नाही. अंगालगत लोकरीचे, मग आणखी एक लोकरीचे, आणि वर वारा व ओल अडवणारे काही. ही पद्धत कोळ्यांचीच. १९३३ मध्ये हेनरिक ब्रून नावाच्या एका नॉर्वेजियन लष्करी अधिकाऱ्याने तर हेरिंग माशांच्या जुन्या जाळ्यांपासून बनियन शिवले. भोकाभोकांत हवा अडकते आणि घाम सुकतो. पुढे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हे जाळीचे बनियन वापरले गेले. बुटांवर मात्र पैसा खर्च करावा, आणि बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्यावेत. आतल्या पठारावर जायचे असेल तर हा हिशोब बदलतो; तिथे पारा उणे तीसच्या खाली जातो.

नार्विकहून बसने हार्स्टाडला आणि तिथून जहाजाने ट्रॉम्सोला. हे जहाज म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्याची जीवनवाहिनी असलेली ‘हुर्टिगरूटन’ – जलदसेवा. तिच्याबद्दल मला जरा विस्ताराने सांगायचे आहे.

१८९० च्या आसपास उत्तर नॉर्वेत हिवाळ्यात टपालाची काय अवस्था होती? ट्रॉनहाइमहून हामरफेस्टला पत्र पाठवले तर उन्हाळ्यात तीन आठवडे लागत. हिवाळ्यात पाच महिनेदेखील लागू शकत. लोफोटेनला गेलेल्या मुलाचे बरेवाईट झाले तर ते आईला कळायला वसंत ऋतू उजाडे. हजारो बेटे, खडक आणि वादळे. दीपगृहे मोजकी आणि नकाशे अपुरे. रात्री जहाजे नांगर टाकून थांबत, आणि हिवाळ्यात तर सगळी रात्रच. सरकारने १८९१ मध्ये बारमाही जलदसेवेची कल्पना मांडली, तेव्हा बर्गन आणि ट्रॉनहाइमच्या दोन्ही मोठ्या जहाज कंपन्यांनी नकार दिला. अंधारात हे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे आला तो स्टोकमार्कनेस या लहानशा गावचा कप्तान रिचर्ड विट. त्याची कंपनी दहा-बारा वर्षांची, लहान. पण विट आणि त्याचा वाटाड्या आंडर्स होल्टे यांनी एक काम चिकाटीने केले होते. प्रत्येक फेरीत कोणत्या दिशेला, किती वेगाने, किती मिनिटे गेलो, हे ते टिपून ठेवत. डोळ्यांना दिसले नाही तरी होकायंत्र आणि घड्याळ यांवर जहाज चालवता येईल, एवढी वही त्यांनी भरवली. २ जुलै १८९३ रोजी ‘व्हेस्टरोलेन’ हे जहाज ट्रॉनहाइमहून निघाले आणि ६७ तासांनी हामरफेस्टला पोचले. करार असा होता की उन्हाळ्यात हामरफेस्टपर्यंत आणि हिवाळ्यात ट्रॉम्सोपर्यंत दर आठवड्याला फेरी करायची. हिवाळ्यातही ती चालली, हाच खरा चमत्कार.

विट व्यवहारी माणूस होता. १८९६ मध्ये त्याने उन्हाळी हौशी लोकांसाठी थेट स्पिट्सबर्गेनला जहाज सुरू केले आणि तिथे एक छोटे हॉटेलही थाटले. ते फार दिवस चालले नाही. टपाल आणि कोळी वाहणारी हिवाळी सेवा मात्र चालूच राहिली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या, सुरुंग आणि विमानहल्ले यांत तिची अनेक जहाजे शेकडो उतारूंसह बुडाली, तरी किनारा तोडला गेला नाही.

आज या जहाजांच्या बारा दिवसांच्या सहलीच्या जाहिराती जगभर झळकतात आणि त्यांच्या किमती डोळे पांढरे करणाऱ्या असतात. पण मूळची सेवा संपलेली नाही. २०२१ पासून दोन कंपन्या ती मिळून चालवतात, राज्याशी करार करून, चौतीस बंदरांना. आणि करारामुळेच एका बंदरातून पुढच्या बंदरात जाणारा साधा उतारू त्यांना घ्यावा लागतो. केबिन नको, जेवण नको. तिकीट काढा आणि बसा. आम्ही हार्स्टाडहून सकाळी पावणेआठच्या सुमारास निघालो आणि साडेसहा तासांनी ट्रॉम्सोला उतरलो. खिडकीशी बसून, डब्यातले थालीपीठ खात. ज्या खाडीचे चित्र जाहिरातीत असते तीच खाडी, तोच निळसर उजेड. शेजारी शाळेच्या वयाची दोन मुले होती. ती आजीकडे निघाली होती. जहाज त्यांच्यासाठी बस होती.

ट्रॉम्सोत काय फुकट मिळते, त्याची यादी पर्यटकाला कोणी देत नाही. २००५ मध्ये उघडलेले तिथले सार्वजनिक ग्रंथालय पाहा. जुन्या चित्रपटगृहाचे कमानदार छत ठेवून त्याखाली ते बांधले आहे. उबदार, उजेडाने भरलेले आणि कोणालाही खुले. दुपारी गारठलो की आम्ही तिथे जाऊन बसायचो. दुसरे म्हणजे भटकण्याचा हक्क. १९५७ च्या कायद्याने नॉर्वेत शेतीवाडी नसलेल्या मोकळ्या जमिनीवर कोणालाही पायी किंवा स्कीवर फिरता येते, मालकी कोणाचीही असो. हा हक्क कायद्याने जन्माला घातलेला नाही. तो शतकानुशतके रूढीने चालत आला होता. कायद्याने तो फक्त लिहून काढला. आपल्या गावच्या पाणंदीसारखाच. या हक्कामागे आणखी एक गोष्ट आहे. १९३६ च्या कायद्याने कामगारांना नऊ दिवसांची पगारी सुटी मिळाली, १९४७ मध्ये ती तीन आठवडे झाली. सुटी मिळाली, पण पैसा नव्हता. मग जायचे कुठे? डोंगरात आणि किनाऱ्यावर. तेव्हा ते मोकळे असणे भागच होते.

आम्हीही तेच केले. शहराच्या मध्यावर, बेटाच्या माथ्यावर, प्रेस्टव्हान्नेट नावाचे तळे आहे. रात्री तिथे चालत गेलो, कारण शहरातल्या दिव्यांचा त्रास तिथे कमी होतो. पहिले दोन दिवस ढग. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास आकाशात एक फिकट पट्टा दिसला, धुरासारखा. मग तो हिरवा झाला आणि वाऱ्यावर धोतर वाळत घातल्यासारखा हलू लागला. वीस मिनिटे चालले. तिकीट नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक बाईंनी कुत्र्याला फिरवणे काही थांबवले नाही.

इथे आपल्या लोकमान्यांची आठवण होणे साहजिक आहे. १९०३ मध्ये टिळकांनी ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ऋग्वेदातल्या दीर्घ उषांची वर्णने ध्रुवप्रदेशाखेरीज लागू पडत नाहीत, म्हणून आर्यांचे मूळ वसतिस्थान तिथे असावे, असा त्यांचा तर्क. आजचे अभ्यासक तो मान्य करीत नाहीत. पण टिळक स्वतः कधी ध्रुववृत्तापर्यंत गेले नव्हते, आणि तरीही सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत दक्षिणेला क्षितिजावर रेंगाळणारी तांबडी उषा पाहताना माझ्या मनात त्यांचीच पाने होती. आणखी एक योगायोग सांगतो. ते गेले १९२० मध्ये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पॅरिसला स्पिट्सबर्गेनविषयीचा करार झाला, आणि त्यात हिंदुस्थानच्याही नावाने सही आहे, अर्थात ब्रिटिश सरकारने केलेली. २००८ मध्ये त्याच द्वीपसमूहात भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झाले.

ट्रॉम्सोच्या बंदरावर रोआल्ड आमुंडसेनचा पुतळा आहे. १९२८ च्या जूनमध्ये बेपत्ता झालेल्या इटालियन विमानवीराला शोधायला तो इथूनच उडाला आणि परतला नाही. पण काटकसरीच्या प्रवाशाने त्याची दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. १९०३ मध्ये वायव्य मार्ग शोधायला निघताना सावकार जहाजावर जप्ती आणतील या भीतीने त्याने रातोरात, भर पावसात बंदर सोडले होते! ध्रुवावर जाणाऱ्यांना पैशाची चणचण नवी नाही.

हिवाळ्याची महागाई मात्र नवी आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत उत्तरेचा प्रकाश पाहायला जगातून लोक येऊ लागले, आणि ट्रॉम्सोत उन्हाळ्यापेक्षा हिवाळा गर्दीचा झाला. नाताळ आणि फेब्रुवारी-मार्च हे सर्वांत महाग. जानेवारीचा मधला आठवडा आणि नोव्हेंबरची सुरुवात जरा स्वस्त. गावातली भाड्याची घरे पर्यटकांच्या खोल्या होत चालल्याने तिथल्या विद्यार्थ्यांना जागा मिळत नाही, ही तक्रार आम्ही ग्रंथालयातच ऐकली. आमची खोलीही तशीच एखाद्या विद्यार्थ्याची असू शकली असती, हा विचार काही सुखाचा नव्हता. २०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने पर्यटकांचा फार ताण पडणाऱ्या गावांना मुक्कामाच्या भाड्यावर तीन टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा दिली. मला ते रास्त वाटते. स्वच्छतागृहे, रस्त्यावरचा बर्फ काढणे, बचावपथके, हे सगळे त्या लहान गावांनी किती काळ आपल्या कराच्या पैशातून करावे?

आणि ती गावेही किती कष्टाने उभी राहिली आहेत! १९४४ च्या शरदात रशियन फौजा किर्केनेसपर्यंत आल्या तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मनांनी फिनमार्क आणि उत्तर ट्रॉम्स जाळत नेले. घरे, शाळा, होड्या, धक्के, टेलिफोनचे खांब. सुमारे पन्नास हजार लोकांना घराबाहेर काढून दक्षिणेला हाकलले. आणखी हजारो जण न जाता लपले, आणि कित्येकांनी गुहांत, उपड्या होड्यांखाली, गवत-मातीच्या झोपड्यांत तो हिवाळा काढला. हामरफेस्टमध्ये दफनभूमीतली प्रार्थनेची छोटी वास्तू तेवढी उभी राहिली. ट्रॉम्सो वाचले, आणि निर्वासितांनी भरून गेले. युद्ध संपल्यावर लोकांना परतू नका, असे सरकार सांगत होते, कारण राहायला काही नव्हते. लोक परतलेच. आज त्या भागात जी साधी, एकसारखी, दोन मजली लाकडी घरे दिसतात ती त्या पुनर्बांधणीची. पुढे तरुण मंडळी दक्षिणेला जाऊ लागली, म्हणून १९९० पासून फिनमार्क आणि उत्तर ट्रॉम्समध्ये राहणाऱ्यांना आयकरात सवलत आहे आणि शिक्षणाच्या कर्जाचा काही भाग माफ होतो. महाग प्रदेशात माणसे टिकवून ठेवायलाही खर्च येतो.

२१ जानेवारीला ट्रॉम्सोत सूर्याचा दिवस असतो. दोन महिने डोंगराआड राहिलेला सूर्य त्या दिवशी पुन्हा दिसायला हवा. यंदा दिसला नाही तरी चालते, दिवस साजरा होतोच. बेकऱ्यांपुढे रांगा लागतात, ‘सूर्याचे बन’ घ्यायला. आत जाम, वर साखर, गोल आणि तेलात तळलेले. आम्ही होतो त्या वर्षी ढग होते. रांगेत आमच्या पुढे एका बालवाडीची मुले होती, अंगावर चमकणारे पिवळे पट्टे. बाईंनी त्यांच्यासाठी बावीस बन घेतले. आम्ही दोन घेतले, आणि नऊ दिवसांत बाहेर विकत घेऊन खाल्लेली ती तिसरी वस्तू होती.